नंदाची वायर

दादा, तुला माती देऊन आज नववा दिवस. परवा अकराव्याचा कार्यक्रम आहे. जंगम महाराजांचं आटोपलं की प्रसादाच्या आधी घरातल्या कुणीतरी चार शब्द वाचायचे असं ठरलंय, आणि अप्पांनी ते काम माझ्या गळ्यात घातलंय. "नंदे, तुझं अक्षर चांगलं हाय, तूच लिव्ह," म्हणाले. त्यांना वाटतंय मी तुझा मनमिळाऊ स्वभाव लिहीन, गावात पहिला कॉम्प्युटर तू आणलास ते लिहीन, पाहुण्यारावळ्यांचं किती करायचास ते लिहीन. ते सांगायला नेकनूर भरून माणसं आहेत. मी वही घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की मला तुझ्यावर फक्त सूड उगवायचाय.

गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. जित्या माणसाविषयी खोटं बोलू नये, असं मात्र आपल्या घरात कुणी कधी म्हटलं नाही. चार वर्षं मी तुझ्याकडे एकच गोष्ट मागत होते, एक वाक्य. ते न देता तू निघून गेलास. तू कसा गेलास, कुठल्या दवाखान्यात नेलं, कोण कोण धावलं, यातलं मी काही लिहिणार नाही. मी वायरविषयी लिहिणार आहे.

परवा ऐकणाऱ्या सगळ्यांना माहीत नसेल, म्हणून पहिल्यापासून सांगते. पुढं आपलं किराणा दुकान, त्यातला डावा कोपरा तू अप्पांशी भांडून घेतलेला. तिथं तुझं मशीन. त्यावर तू लग्नाच्या पत्रिका करायचास, लोकांना सीडीवर गाणी भरून द्यायचास. मागच्या खोलीत तुझं जुनं मशीन धूळ खात पडलं होतं. ते मी उघडलं, साफ केलं, चालू केलं. उघडायला शिकवलं तूच. कुठला स्क्रू आधी काढायचा, कुठं बोट लावायचं नाही, आत हात घालण्याआधी लोखंडाला का शिवायचं, हे सगळं तू मला शिकवलंस, आणि ते मी विसरलेले नाही. तेवढं तुझं देणं कबूल आहे.

मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. दुकानातल्या मशीनमध्ये एवढी गाणी आहेत, ती मागच्या खोलीत का वाजू नयेत? मधे लागते फक्त एक वायर. मी बीडहून वायर आणली. टोकाला क्लिप बसवायची पक्कड माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांकडून दोन दिवसांच्या बोलीवर मागून आणली. त्या वायरीत आठ बारीक तारा असतात, त्या रंगांप्रमाणे ओळीनं बसवाव्या लागतात. तीनदा चुकले, चौथ्यांदा बसलं. दुकानाकडच्या टोकाला मी माझ्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका दिला, आतल्या टोकाला दोन. आठवडाभर गाणी खणखणीत वाजली. आई भाकरी थापता थापता फर्माईश करायची आणि मी माऊस दाबला की गाणं सुरू. आई म्हणायची, "लई गुणाची गं माझी बाय."

त्याच्या थोडं आधी श्रावण लागला होता आणि तू दुकानातल्या मशीनवर महादेव बसवला होतास. मशीनला दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की पडद्यावर आपोआप एक चित्र सुरू व्हायचं. गोल फिरणारी पिंड, तिच्यावर पाण्याची धार, वरून बेलाची पानं गिरक्या घेत खाली. कुठल्याशा सीडीवर तुला ते सापडलं होतं. किराणा न्यायला आलेली माणसं तेल-मीठ विसरून तिथं उभी राहायची. लिंबागणेशचे एक म्हातारबुवा तर चपला बाहेर काढून आत आले आणि पडद्यासमोर हात जोडून उभे राहिले. तुझी छाती अशी फुगली! तू लगेच नियम काढलास, अभिषेक चालू असताना माऊसला हात लावायचा नाही, मधेच मोडला तर पाप लागतं. लोकांना पटलं. मलाही पटलं होतं. आपण शंकराची माणसं, चालू अभिषेक मोडायचं कुणाच्या हातून होणार?

आता तो सोमवार. श्रावणातला तिसरा. गल्लीतल्या बायका मागच्या खोलीत भजनाला जमायच्या. दरवर्षी टेपवर कॅसेट लागायची, ती मधेच संपायची, आणि ती पालटेपर्यंत बायकांच्या गप्पांना ऊत यायचा. या वर्षी मी सांगून टाकलं होतं, दोन तास जप चालेल, मधे खंड नाही. औरंगाबादहून मामा आले होते, ते केवळ भजनाला नव्हे. औरंगाबादच्या हार्डवेअरच्या कोर्सला माझं नाव घातलेलं होतं, राहायची सोय मामांकडे, आणि मंगळवारच्या गाडीनं मी त्यांच्याबरोबर जाणार होते. बॅग भरलेली होती. अप्पा हो-नाही करत शेवटी "बघू, सोमवार होऊ दे" वर आले होते. त्यांना दाखवायलाच तर मी सगळा खटाटोप मांडला होता.

दहा-पंधरा मिनिटं जप सुरेख चालला. मग अडखळला. न-न-न-न, मग गप्प, मग एकदम पुढचाच शब्द, परत न-न-न. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अप्पा उठून उभे राहिले.

"हे काय चाललंय? देवाचं नाव असं तुटतं व्हय कुठं?"

तू दुकानात पळालास. जप नीट सुरू झाला. तू परत येऊन बसलास, आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच. पुन्हा पळालास, पुन्हा नीट. तिसऱ्या वेळेला तू दारातच उभा राहून निकाल दिलास.

"अप्पा, म्या सोता बघितलं. मशीन निवांत हाय. प्रोसेसरला चार टक्के बी काम न्हाई. वायरच गलत हाय. म्या म्हणलो हुतो, हे पोरीचं काम न्हवं."

अप्पा मामांकडे वळून म्हणाले, "हिला एक वायर धड ओढता येईना. तिथं जाऊन काय दिवे लावणार हाय?" मामांनी चहा अर्धा ठेवला. मंगळवारी सकाळच्या गाडीनं ते एकटे गेले. माझी बॅग मी स्वतः रिकामी केली, आणि तू दुकानात शीळ घालत पत्रिका छापत बसला होतास. ती शीळ मला अजून ऐकू येते आणि अजून डोकं भणाणतं.

मी मात्र वायर सोडली नाही. क्लिपा कापून नव्या बसवल्या, ठिपके पुन्हा दिले. गाणं आतल्या मशीनमध्ये उतरवून वाजवलं तर एकदाही अडखळलं नाही. म्हणजे आतलं मशीन चांगलं. व्हायरस पकडायचं सॉफ्टवेअर बंद करून पाहिलं, फरक नाही. आणि सगळ्यात चक्रावणारी गोष्ट म्हणजे मंगळवारी दिवसभर सगळं ठीक वाजलं. बुधवारी दुपारी तू जेवायला आत आलास, दुकानाची फळी ओढली, आणि थोड्याच वेळात गाणं पुन्हा अडखळायला लागलं. मी दुकानात जाऊन बघावं तर प्रोसेसर चार टक्के. साहेब तपासणीला आले की शाळा जशी हाताची घडी घालून बसते, तसं ते मशीन.

तेव्हा मी विचार केला, मी बघत नसताना हे काय करतं ते कसं बघायचं? प्रोसेसर किती राबतोय ते दाखवणारी एक खिडकी असते, त्यात हिरवी रेघ पुढं पुढं सरकत राहते. ती मी हळू चालेल अशी करून ठेवली, म्हणजे मागची बरीच मिनिटं दिसतील. खिडकी उघडी ठेवून आत गेले. गाणं अडखळायला लागल्यावर पाच मिनिटं मुद्दाम थांबले. मग दुकानात येऊन माऊस हलवला. रेघ वर शंभराला चिकटून आडवी गेलेली, आणि जिथं माझा हात लागला तिथून धाडकन खाली. मशीनपाशी कुणी नसताना चालणारी गोष्ट एकच होती. तुझा अभिषेक! त्या मशीनमध्ये चित्रासाठी वेगळं कार्ड नव्हतं. पिंड फिरवायची, पाण्याची धार सोडायची, एकेक पान गिरक्या घेत खाली आणायचं, सगळं ओझं प्रोसेसरच्या डोक्यावर. आतल्या खोलीला गाणं पाठवायला त्याला सवड कुठली? आठवडाभर मी गाणी लावायचे त्या वेळेला दुकानात तुझं पत्रिकांचं काम चालू असायचं, माऊस सारखा हलत होता म्हणून काही कळलं नाही. सोमवारी पूजेसाठी दुकान बंद, आणि अभिषेक मोडायचा नाही हा तुझा नियम. तू दर वेळी बघायला गेलास, माऊस हलवलास, अभिषेक थांबला, आणि प्रोसेसर निवांत असल्याचं तुला दिसलं. मी नाचायचीच बाकी होते.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा मी भाबडेपणानं सगळ्यांसमोर सांगितलं. तू घास तसाच धरून ऐकत होतास. तुला कळलं होतं दादा. तुझे कान लाल झाले होते, ते मी पाहिलं. आणि तू काय बोललास?

"ऐकलं का अप्पा? नंदी म्हणती महादेवामुळं गाणं अडकतंय. सोताची वायर नीट न्हाई, अन् दोष देवाला!"

आईनं कानाला हात लावले. वहिनी तोंडाला पदर लावून हसली. अप्पांनी ताट सरकवलं. वड्याचं तेल वांग्यावर काढणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, पण देवाला मधे घालून ते काढणारा तू एकटा. मला हरवायला तुला एक वाक्य पुरलं, कारण त्या वाक्याला उत्तर देणारी पोरगी लगेच देवाशी भांडणारी ठरते.

पुढच्या सोमवारी तू जाहीर केलंस, "नवी वायर टाकली, आता ऐका." दोन तास जप चालला. पडद्यावर अभिषेक नव्हता, काळा पडदा होता. कुणीतरी विचारलं तर म्हणालास, उद्या लावतो. त्या दिवसापासून घरात म्हणच पडली. पंखा बंद पडला, नंदाची वायर. मोटार पाणी ओढेना, नंदाची वायर. माझं लग्न ठरलं, मी तेलगावला गेले, आणि दुसऱ्याच महिन्यात मिक्सर फिरेना तेव्हा सासूबाई हसून म्हणाल्या, "ही नंदाची वायर म्हणायची का?" वहिनीनं हळदीच्या दिवशीच त्यांना सांगून ठेवलं होतं. घरात काही बिघडलं की माझा हात आपोआप मागं यायला लागला. मी, जिनं बंद पडलेलं मशीन एकटीनं उभं केलं होतं.

पहिल्या दिवाळीला माहेरी आले तेव्हा तू बाहेर गेला होतास. मी तुझ्या टेबलाखाली वाकले. नवी वायर म्हणे! दुकानाकडच्या टोकाला दोन लाल ठिपके होते. माझीच वायर, नुसती उलटी करून टाकलेली. तू आलास तेव्हा मी तसंच टेबलाखाली बोट दाखवलं. तू हसलास. "जाऊ दे गं, कावून उकरतीस?"

मी सोडलं नाही. दर भाऊबीजेला ओवाळताना तुझ्याकडे तेच मागितलं. साडी नको, अप्पांना तुझ्या तोंडानं सांग, नंदाचं बरोबर होतं. तू ताटात साडीच ठेवायचास. आणि मग आठ-पंधरा दिवसांनी तुझा फोन यायचा, आवाज खाली आणून. "नंदे, एका गिऱ्हाइकाचं मशीन हाय, चालूच व्हईना, नुसतं पीं-पीं वाजतंय." चोराच्या उलट्या बोंबा परवडल्या, हा चोर तर ज्याच्या घरी चोरी केली त्यालाच कुलूप कसं उघडायचं ते विचारत होता! मी सांगायचे. मशीन चालू व्हायचं. गिऱ्हाईक तुला मानायचं.

एकदा मी सूड घेतला. आज सांगते. गिऱ्हाईक समोर बसलंय हे तुझ्या बोलण्यावरून कळत होतं. मी म्हटलं, मेमरीची पट्टी काढ, पोरांच्या खोडरबरनं तिची सोनेरी कड घास, परत बसव, परत काढ, असं तीनदा कर. गिऱ्हाइकापुढं तू खोडरबरनं कॉम्प्युटर पुसतोयस, या कल्पनेनंच मी फोनवर हात ठेवून हसत होते. एकदा घासून पुरलं असतं, तीनदा करायला लावलं ते नुसतं तुझी फजिती बघायला. आणि मशीन चालू झालं. तू फोनवर ओरडलास, "नंदे, तू म्हंजे तू हायस!" तेव्हा मला आनंद झाला, आणि आनंद झाला याचाही राग आला. तुझ्या कौतुकाची मला एवढी भूक होती हे तुला माहीत होतं, म्हणून तू ते फोनवर द्यायचास आणि घरात चारचौघांत गिळायचास.

या पंचमीला मी आले होते. तू थकलेला दिसत होतास, मला काळजीही वाटली, पण मी भांडण काढलंच. म्हटलं, "आता बास. अप्पांचं वय झालंय. सांग त्यांना." तू पायात चप्पल सारत म्हणालास, "सांगतो की. पळून चाललो का मी?" त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही. माती द्यायच्या आधी तुला बसवलं, कपाळाला भस्म लावलं, तेव्हा सगळ्या बायका रडत होत्या आणि मी मनात म्हणत होते, खोटारड्या, चाललास ना पळून.

इथपर्यंत लिहून झालं. आज दुपारी मी ते अप्पांना वाचून दाखवलं. मुद्दाम. तू हाती लागत नाहीस तर निदान त्यांना लागावं म्हणून. अप्पा खाटेवर बसून मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी पाय खाटेखाली सोडले. मग म्हणाले, "मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"त्यानं समदं सांगितलतं मला. त्याच शुक्रवारी, दुकानात. महादेव लावून दावला, काढून दावला. रडलाबी. म्हणला, माझी चुकी झाली, तिला औरंगाबादला पाठवा, मामाला मी फोन करतो."

"मग?"

"मग काय. तेलगावची सोयरीक आलती. चांगलं घर हुतं. म्याच म्हणलो, आता गप ऱ्हा. वायर बदलली म्हणून सांग. माझी शपथ घातली त्याला."

मला वाटलं आता मी रडेन. रडू आलं नाही. दादा, यामुळे तू सुटलास असं समजू नकोस. शपथ अप्पांनी घातली, ठीक. चारचौघांत बोलला नाहीस, तेही ठीक. पण मी ताट घेऊन तुझ्यासमोर बसत होते, मधे फक्त निरांजन होतं. "नंदे, तुझं बरोबर होतं, मी शपथेत अडकलोय," एवढं माझ्या कानात सांगितलं असतंस तर कुठला महादेव कोपणार होता? मी कुणालाही सांगितलं नसतं. मला औरंगाबादसुद्धा नको होतं तेव्हा. तू माझ्यासाठी रडलास हे मला तू गेल्यावर, अप्पांच्या तोंडून कळावं? खरं तू एकदाच बोललास, आणि ते ज्याला ऐकायचं नव्हतं त्याच्यापाशी.

अप्पांनी विचारलं, "परवा हे वाचणार हायस?"

"हो."

"समद्यांपुढं?"

"हो. मामा बी येणार हायत."

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, चष्म्याशिवाय पानं उलटून पाहिली आणि परत दिली. "मग माझंबी लिव्ह," म्हणाले. "म्या काय केलं ते. निम्मं लिवू नको."

लिहिलं बघ. परवा हे सगळं मी वाचणार आहे, एक ओळ गाळणार नाही. वहिनीसमोर, मामांसमोर, गल्लीतल्या त्या सगळ्या बायकांसमोर. एवढी वर्षं मला जे हवं होतं ते परवा होईल. मी तोंड उघडलं आणि तू मधे बोलला नाहीस असं आजवर एकदाही झालेलं नाही. परवा मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलेन, आणि "गप गं नंदे" म्हणायला कुणी नसेल. दादा, मला तुझा सगळ्यात जास्त राग याचा येतोय.